मदत हवी आहे: पाण्याचे रेणू ६, मग ऑक्सिजनचे अणू १२ कुठून आले?

वहीचं_शेवटचं_पान

नमस्कार मंडळी. भाची दहावीत आहे आणि तिच्या एका प्रश्नावर मी दोन दिवस अडकलोय. विज्ञानाशी माझा संबंध सुटून बरीच वर्षं झाली, त्यामुळे इथे विचारतो.

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण सगळ्यांना पाठ असतं तेच:

कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू + पाण्याचे ६ रेणू → ग्लुकोजचा १ रेणू + ऑक्सिजनचे ६ रेणू

बाणावर 'प्रकाश' आणि बाणाखाली 'हरितद्रव्य'. त्याच पानावर खाली चौकटीत दिलंय की बाहेर पडणारा सगळा ऑक्सिजन पाण्याचं विघटन होऊन मिळतो. ती म्हणाली, "मामा, पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा अणू एकच असतो ना? ६ रेणूंचे झाले ६ अणू. आणि बाहेर पडले ऑक्सिजनचे ६ रेणू, म्हणजे १२ अणू. मग बाकीचे ६ कुठून आले?"

मी आधी समीकरणच चुकलं असेल म्हणून दोन्ही बाजू मोजल्या. डावीकडे ऑक्सिजनचे १८, उजवीकडेही १८. कार्बन, हायड्रोजनसुद्धा जुळतात. म्हणजे समीकरण बरोबर दिसतंय. मग चौकट चूक का? की निम्मा ऑक्सिजन पाण्याचा आणि निम्मा कार्बन डायऑक्साइडचा? आणि मुळात अमुक अणू पाण्यातून आला हे कुणी आणि कसं ठरवलं? अणूवर काही नाव लिहिलेलं नसतं.

हेही सांगा की परीक्षेत तिने काय लिहावं. गुण गेले तर खापर माझ्यावर फुटणार.

कुंपण

एवढं खोलात जायची गरज नाही हो. समीकरण संतुलित आहे, विषय संपला. दहावीला एवढं कुणी विचारत नाही.

वहीचं_शेवटचं_पान

@कुंपण, परीक्षेत विचारत नसतील, पण घरात विचारतात. :)

सरळरेषा

माझ्या मते चौकटच चूक आहे. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधूनच येतो, आणि हे घरी पडताळता येतं. हायड्रिलासारखी पाणवनस्पती काचेच्या भांड्यात ठेवून उन्हात धरा, बुडबुडे निघतात. आता तीच वनस्पती उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवा. उकळल्यावर विरघळलेले वायू निघून जातात, कार्बन डायऑक्साइडही जातो. बुडबुडे जवळजवळ बंद. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा परत सुरू होतो आणि बुडबुडेही. पाणी तर तिन्ही वेळा भरपूर होतं. मग ऑक्सिजन कुठून येत होता ते उघड आहे.

पाचोळा

@सरळरेषा, प्रयोग खरा आहे, मी केलाय. पण त्यातून तो निष्कर्ष निघतो का याबद्दल शंका आहे. एखादं यंत्र विजेशिवाय बंद पडतं म्हणून त्यातून निघणारा माल विजेचा बनलेला असतो असं नाही ना. @टिपकागद इकडे आहेत का? त्यांचा विषय आहे.

टिपकागद

आहे. वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

भाचीला माझ्याकडून शाबासकी द्या. हा प्रश्न पदवीच्या वर्गातही फार थोड्यांना पडतो. चौकट बरोबर आहे आणि समीकरणही बरोबर आहे. गोंधळ होतो कारण समीकरण पासबुकातल्या शिलकीसारखं आहे: महिन्याच्या सुरुवातीला किती होते आणि शेवटी किती, एवढंच ते सांगतं. मधे किती आले, किती गेले ते त्यात दिसत नाही.

पूर्ण व्यवहार असा आहे:

कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू + पाण्याचे १२ रेणू → ग्लुकोजचा १ रेणू + ऑक्सिजनचे ६ रेणू + पाण्याचे ६ रेणू

पाण्याचे १२ रेणू फुटतात. त्यांतले ऑक्सिजनचे १२ अणू जोडीजोडीने बाहेर पडतात, तेच ६ रेणू. दुसऱ्या बाजूला पाण्याचे ६ नवे रेणू तयार होतात. १२ गेले, ६ आले, निव्वळ खर्च ६. पुस्तकवाले दोन्हीकडचं पाणी कापून टाकतात आणि उरतं ते तुमचं पाठ समीकरण. गणित म्हणून त्यात काही खोट नाही, पण कापाकापीत नेमकी तीच माहिती जाते जी तुमची भाची विचारतेय.

आता @सरळरेषा यांच्या बुडबुड्यांकडे येतो, कारण तो आक्षेप हलका नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही बहुतेक शास्त्रज्ञांचा समज हाच होता: प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड फुटतो, ऑक्सिजन सुटतो आणि उरलेला कार्बन पाण्याशी जोडला जाऊन साखर होते. कर्बोदकांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्याच प्रमाणात असतात, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं.

पहिला धक्का बसला जिवाणूंकडून. गंधकाच्या झऱ्यांत, चिखलात काही जांभळे आणि हिरवे जिवाणू राहतात. तेही प्रकाशावर जगतात, कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू). ते ऑक्सिजन सोडत नाहीत, गंधक सोडतात. १९३०च्या दशकात कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी दोन्ही प्रक्रिया शेजारी ठेवल्या. कार्बन डायऑक्साइड दोघांनाही लागतो. तो फुटून ऑक्सिजन निघत असता तर जिवाणूंकडूनही निघाला असता. निघतं ते गंधक, आणि गंधक हायड्रोजन सल्फाइडशिवाय दुसरीकडून येऊच शकत नाही. मग त्याच न्यायाने हिरव्या वनस्पतीत फुटत असणार ते पाणी. प्रयोगशाळेतल्या पुराव्याआधी निव्वळ तुलनेने काढलेला हा निष्कर्ष मला आजही या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

दुसरा धक्का रॉबिन हिल यांचा, १९३७ साली. त्यांनी पानं वाटून त्यांतली हरितलवकं (पेशीतले हरितद्रव्य असलेले भाग) वेगळी काढली आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी त्यांना लोहाचा एक क्षार दिला. प्रकाशात ठेवल्यावर ऑक्सिजन निघाला. कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर होतच नव्हतं, साखरही बनत नव्हती, तरी ऑक्सिजन निघाला. लोहाच्या क्षाराने काय केलं? पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन स्वतःकडे घेतले, बस्स.

सरळरेषांच्या उकळलेल्या पाण्यातही हाच मुद्दा आहे. पाणी फुटलं की ऑक्सिजनबरोबर इलेक्ट्रॉनही सुटतात आणि ते कुणीतरी घ्यावे लागतात. पानात ते एनएडीपी नावाचा रेणू घेतो, त्याचा एनएडीपीएच होतो. हा एनएडीपीएच पुढे आपले इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्यात खर्च करतो आणि पुन्हा रिकामा होतो. कार्बन डायऑक्साइड नसला की रिकामा व्हायला जागा नाही. सगळा एनएडीपी भरलेला, पुढचे इलेक्ट्रॉन घ्यायला कुणी नाही, म्हणून मागे पाणी फुटणंही मंदावतं. बुडबुडे थांबतात ते यामुळे.

सरळरेषा

हिल यांच्या प्रयोगाचं माहीत नव्हतं. पण लोहाच्या त्या क्षारातच ऑक्सिजन असेल तर? ऑक्झॅलेट असेल तर त्यात ऑक्सिजन असतोच.

टिपकागद

होय, ऑक्झॅलेटच होतं. आणि ही पळवाट खरोखर उरते. म्हणूनच अणूवर 'नाव लिहिणं' गरजेचं होतं.

ते काम १९४१ साली झालं. सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांचे सहकारी, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. कार्बनचा माग काढायला किरणोत्सर्गी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) वापरता येतो, पण ऑक्सिजनची ती सोय नाही. त्याचा सर्वांत टिकाऊ किरणोत्सर्गी समस्थानिकही सुमारे दोन मिनिटांत निम्मा होतो, तेवढ्यात प्रयोग कसला उरकायचा! म्हणून त्यांनी किरणोत्सर्गी नसलेला पण वजनाने जड असा ऑक्सिजन-१८ घेतला. नेहमीचा ऑक्सिजन १६चा. दोन्ही रासायनिकदृष्ट्या सारखेच वागतात, पण वस्तुमान-वर्णपटमापकात (अणू-रेणूंचं वजन मोजणाऱ्या उपकरणात) वेगळे ओळखू येतात.

क्लोरेला हे एकपेशीय शैवाल जड ऑक्सिजनच्या पाण्यात ठेवलं आणि कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा साध्या ऑक्सिजनच्या बायकार्बोनेटमधून केला. बाहेर पडलेल्या वायूत जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळलं. मग उलट केलं: पाणी साधं, कार्बोनेट जड. तेव्हाही वायू पाण्याच्याच बाजूने गेला.

यात एक बारीक कुलंगडं आहे आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की दोघं आपापसांत ऑक्सिजनची अदलाबदल करतात. पुरेसा वेळ गेला तर कुणाचा अणू कुणाचा हे कळेनासं होतं. त्यामुळे अदलाबदल संथ राहील अशा अल्कधर्मी द्रावणात आणि थोड्या वेळात मोजणी करावी लागली. नुसत्या याच प्रयोगावर सगळा भार टाकू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. व्हॅन नील, हिल, रुबेन आणि पुढे पाणी फोडणाऱ्या यंत्रणेचीच उघड झालेली रचना, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, म्हणून निष्कर्ष पक्का.

जाता जाता: कार्बन-१४ शोधला तोही याच रुबेन-केमेन जोडीने, १९४० साली. तोच वापरून मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी पुढे कार्बनचा मार्ग उलगडला आणि १९६१चं नोबेल एकट्या कॅल्व्हिन यांना मिळालं. रुबेन १९४३ मध्येच प्रयोगशाळेत फॉस्जीन या विषारी वायूच्या अपघातात गेले, वय तीस वर्षंही नव्हतं.

वहीचं_शेवटचं_पान

बाप रे. खूप आभार. तिला वाचून दाखवलं. तिचं पुढचं: "ते नवे ६ पाण्याचे रेणू पानात नक्की कुठे बनतात? की हिशेब जुळवायला लिहिलेत?" मलाही तीच शंका आली होती, विचारायची लाज वाटली.

पाचोळा

कॅल्व्हिन चक्रात (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणाऱ्या क्रियांच्या साखळीत) बनत असतील. कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन काढून त्याला हायड्रोजन जोडला की पाणी.

टिपकागद

@पाचोळा, गोळाबेरीज तशीच आहे, पण जागा ती नाही. कॅल्व्हिन चक्रात पाणी बनत नाही, उलट खर्च होतं.

थोडं तपशिलात जावं लागेल, दहावीला याची गरज नाही. रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पाच कार्बनच्या साखरेला जोडतं आणि तीन कार्बनच्या आम्लाचे (फॉस्फोग्लिसरिक आम्ल, वर्गात आम्ही 'पीजीए' म्हणतो) दोन रेणू होतात. आम्लाची साखर करायची तर त्यातला एक ऑक्सिजन काढावा लागतो. तो नुसता निघत नाही. आधी एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) आपला एक फॉस्फेट त्या ऑक्सिजनवर चढवतो, मग एनएडीपीएच इलेक्ट्रॉन देतो आणि फॉस्फेट त्या ऑक्सिजनला घेऊनच बाहेर पडतो. म्हणजे काढलेला ऑक्सिजन आता फॉस्फेटमध्ये आहे. हा फॉस्फेट हरितलवकाच्या पडद्यांवर परत जातो, तिथे एडीपीशी (एक फॉस्फेट गमावलेल्या एटीपीशी) जोडला जाऊन पुन्हा एटीपी होतो, आणि ही जोडणी होताना पाण्याचा एक रेणू सुटतो. नवं पाणी दिसतं ते इथे.

आकडे हवे असतील तर: एका ग्लुकोजएवढ्या साखरेसाठी १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच लागतात. १८ एटीपी बनताना पाण्याचे १८ रेणू सुटतात, कॅल्व्हिन चक्रात १२ खर्च होतात. शिल्लक ६. हेच ते समीकरणातले ६. हिशेब जुळवायला लिहिलेले नाहीत, खरेखुरे आहेत.

मात्र यावरून ग्लुकोजमधला प्रत्येक ऑक्सिजन अणू कार्बन डायऑक्साइडमधूनच आला असं समजू नये. वाटेत पाण्याचे रेणू मधे घुसतात आणि अणूंची सरमिसळ होते. हिशेबापुरतं तसं धरायला हरकत नाही.

सरळरेषा

ठीक, ऑक्सिजन पाण्याचा हे मान्य. आता उलटा प्रश्न. पाणी फोडणं एवढं सोपं आहे का? आपल्याला त्यासाठी विद्युत अपघटन करावं लागतं. पान हे साध्या उजेडात कसं करतं?

टिपकागद

सोपं अजिबात नाही, म्हणून तर निसर्गात हे काम करणारी यंत्रणा एकच आहे. नीलहरित जिवाणूंपासून वडापर्यंत सगळ्यांकडे तीच: मँगनीजचे ४ अणू, कॅल्शियमचा १ आणि त्यांना बांधणारे ऑक्सिजनचे ५. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला पाण्याचे दोन रेणू फोडून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. प्रकाशाचा एक कण मात्र एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उचलू शकतो. मग ही यंत्रणा चार वेळा वाट पाहते, एकेक इलेक्ट्रॉन दिला जातो, चौथ्यानंतर ऑक्सिजन सुटतो.

याचा पुरावा फार मजेशीर आहे. १९६९च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत एकामागून एक टाकले. पहिल्या दोन झोतांना जवळजवळ काहीच नाही. तिसऱ्याला ऑक्सिजनची उसळी. मग दर चौथ्याला: सातव्याला, अकराव्याला. तिसऱ्यालाच का, चौथ्याला का नाही? बेसेल कोक यांनी पुढच्याच वर्षी त्याचं स्पष्टीकरण दिलं: अंधारातसुद्धा बहुतेक यंत्रणा एक पायरी चढूनच बसलेल्या असतात.

शिवाय पाण्यातून काढलेला इलेक्ट्रॉन एनएडीपीपर्यंत पोहोचायला एका धक्क्याने भागत नाही, वाटेत दुसऱ्या प्रकाशप्रणालीत (प्रकाश शोषणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेत) आणखी एक धक्का लागतो. चार इलेक्ट्रॉन, प्रत्येकी दोन, म्हणजे ऑक्सिजनच्या एका रेणूमागे प्रकाशाचे किमान ८ कण. प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात.

नवा_भिडू

धागा वाचतोय, मजा येतेय. अवांतर विचारतो: झाडाचं वजन मग पाण्यातून येतं की हवेतून? मातीतून येतं असंच लहानपणापासून डोक्यात आहे.

पाचोळा

मातीतून फार थोडं. व्हॅन हेल्मोंट यांचा प्रयोग शोधा, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंडीत २०० पौंड सुकवलेली माती, ५ पौंडांचं विलोचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती घटली जेमतेम २ औंस. त्यांनी ठरवलं की झाड पाण्याचंच बनतं.

टिपकागद

आणि गंमत म्हणजे लाकूड जळताना निघणारा वायू हवेहून वेगळा आहे हे ओळखणारे व्हॅन हेल्मोंटच. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड! उत्तर हातात होतं, पण झाडाशी त्याची सांगड घातली गेली नाही. ते काम पुढे सेनेबिए आणि १८०४ मध्ये द सोस्यूर यांनी केलं. द सोस्यूर यांनी मोजून दाखवलं की झाडाचं वजन घेतलेल्या कार्बनपेक्षा जास्त वाढतं, आणि ती वाढ पाण्यामुळे आहे.

ओल्या झाडात पाणीच जास्त असतं, पण सुकवून पाहा. ग्लुकोजचं रेणूवस्तुमान १८०. त्यात कार्बन ७२, ऑक्सिजन ९६, हायड्रोजन १२. वरच्या हिशेबाने कार्बन आणि ऑक्सिजन हवेतले धरले तर १८०पैकी १६८ हवेतून, फक्त १२ पाण्यातून. आणि ती हवा म्हणजे तरी काय, तिच्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. मातीतून येतात ते नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वगैरे. वजनाने थोडे, पण त्यांच्यावाचून अडतं. हरितद्रव्याच्या केंद्रात मॅग्नेशियम असतं आणि वर सांगितलेलं मँगनीजही मातीतूनच येतं.

कुंपण

मी विषय संपला म्हणालो होतो, पण बसून सगळं वाचलं. आता परीक्षेचं सांगा, मुलीला लिहायचं काय ते राहिलंच.

टिपकागद

हो, ते राहिलं. 'समीकरण लिहा' म्हटलं तर पुस्तकातलं ६ पाण्याचंच लिहावं, ते बरोबर आहे. 'बाहेर पडणारा ऑक्सिजन कशातून येतो' विचारलं तर 'पाण्यातून', आणि शेजारी १२ पाण्याचं समीकरण लिहून पाण्याच्या १२ आणि ऑक्सिजनच्या ६ रेणूंखाली रेघ मारावी. फक्त एकाच उत्तरात ६ पाण्याचं समीकरण लिहून त्यातल्या पाण्यातून सगळा ऑक्सिजन येतो असं लिहू नये, तिथे हिशेब फसतो.

वहीचं_शेवटचं_पान

लिहून घेतलं. आता शेवटचं (तिच्या मते, मला खात्री नाही). पाण्याचे १२ फुटून ६ परत मिळतात, तर झाडाला पाणी एवढं का लागतं?

टिपकागद

कारण अन्न बनवण्यात लागणारं पाणी जवळजवळ नगण्य आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पानांतून वाफ होऊन निघून जातं. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडी ठेवावी लागतात, आणि उघड्या रंध्रातून आतलं ओलं बाष्प बाहेर पडतंच. बाहेर कार्बन डायऑक्साइड इतका विरळ की त्याचा एक रेणू पकडताना पाण्याचे शेकडो रेणू निसटतात. म्हणून पाणी कमी पडलं की झाड आधी रंध्रं मिटतं, आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही बंद होतो. पाण्याअभावी प्रकाशसंश्लेषण मंदावतं ते सहसा फोडायला पाणी उरलं नाही म्हणून नव्हे, दारं मिटली म्हणून. निवडुंगासारखी काही झाडं यावर उपाय म्हणून रंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून वापरतात. तिला त्यात रस असेल तर वेगळा धागा काढा, इथे फार लांबलं.